उत्तरं कुठून येतात

मी सर्च इंजिनला पैसे देते हे माझ्या धाकट्या भावाला कळलं, तेव्हा तो फोनवर इतका हसला की त्याला ठसका लागला. तो पुण्याला असतो.

"ताई, अगं जे फुकट मिळतं त्याला पैसे कोण देतं? उद्या हवेचं बिल भरशील."

मीही हसले, पण कारण सांगितलं नाही. ते सांगायचं तर मला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या, आणि त्या दोन्ही मी आजवर स्वतःपाशीच ठेवल्या होत्या.

पहिली फार जुनी. मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. बडोद्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी देवघेवीच्या काउंटरवर बसायचे. एके दिवशी एक गृहस्थ आले. सफारी घातलेली, बोलणं अगदी मऊ. त्यांची मुलगी आमच्याकडे शिकत होती. "बहेन, माझी मुलगी हल्ली काय वाचते, जरा बघून सांगाल?" मला वाटलं, केवढा हौशी बाप! मी रजिस्टर उघडलं आणि पुस्तकांची नावं वाचून दाखवायला लागले. दोन पुस्तकं अभ्यासाची होती. तिसरं नोंदणी-लग्नाच्या कायद्यावरचं होतं, लहानसं. ते नाव वाचता वाचता मी वर पाहिलं, आणि माझा आवाज आपोआप खाली आला. ते "आभार" म्हणाले आणि गेले. मुलगी पुन्हा कधी ग्रंथालयात दिसली नाही. तिची पुस्तकं चार दिवसांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी हातून परत आली. तिचं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. पुढे तीस वर्षं मी त्याच ग्रंथालयात राहिले, संदर्भ विभागापर्यंत पोचले, पण कोणी काय मागितलं हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. प्राचार्यांनाही नाही.

दुसरी गोष्ट निवृत्तीनंतरची. माझं लग्न झालं नाही. आई आणि मी अशा दोघीच बडोद्यातल्या तरसालीच्या या फ्लॅटमध्ये राहायचो. मी निवृत्त झाले त्याच्या आदल्या वर्षी आई गेली. तोवर घर शांत असतं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. ग्रंथालयात शांतता असते, पण ती माणसांनी धरून ठेवलेली असते. इथली शांतता कोणी धरलेली नव्हती. सकाळी मकरपुऱ्याकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसेस गेल्या की दुपारी शिफ्ट बदलेपर्यंत रस्त्यावर काही हलायचं नाही. दिवसभरात मला कोणी काही विचारायचं नाही. माझा सगळा जन्म लोकांच्या प्रश्नांवर गेला होता, त्यामुळे तेच मला सगळ्यात जास्त जाणवायचं. मग मीच विचारायला लागले, कॉम्प्युटरला. आईची लोणच्याची मोहरी कडू का व्हायची नाही, इथपासून ते वाटेल ते.

एकदा आंघोळ करताना छातीला गाठ लागली. डॉक्टरकडे जायच्या आधी चार रात्री मी त्या, सगळेच वापरतात त्या, मोठ्या सर्च इंजिनला तेवढंच विचारत होते. गाठ साधी निघाली. पण त्यानंतर माझ्या टॅबवर जिकडे तिकडे कॅन्सरच्या हॉस्पिटलांच्या, विम्याच्या, केसांच्या टोपांच्या जाहिराती यायला लागल्या. एका लग्नासाठी भावाची बायको बडोद्याला आली होती. तिने साडीचं दुकान शोधायला टॅब घेतला आणि थोड्या वेळाने हळूच विचारलं, "वन्सं, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मैत्रिणीसाठी बघत होते गं," मी म्हटलं.

पण त्या क्षणी मला वाटलं, कोणीतरी काउंटरवर माझं रजिस्टर उघडलंय आणि मोठ्याने वाचतंय.

त्याच आठवड्यात मी दुसरं सर्च इंजिन शोधलं. परदेशातली छोटी कंपनी होती. दर महिन्याला वर्गणी घ्यायची, जाहिरात नाही, तुम्ही काय विचारलं त्याची नोंद ठेवत नाही असं वचन. मी वर्गणी भरली. रात्री झोप चांगली लागली.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक गुजराती कुटुंब राहतं. वडील नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात. पहाटेच्या बसने जातात, संध्याकाळी जिन्यातून वर येतात तेव्हा त्यांच्या कपड्यांना येणाऱ्या वासावरून मला कळतं की सहा वाजले. त्यांची मुलगी डॉक्टर व्हायला युक्रेनला गेली होती, खारकीवला. चौथ्या वर्षाला असताना युद्ध सुरू झालं. ती आधी तळघरात राहिली, मग आगगाडीत उभ्याने आणि शेवटचा पल्ला बर्फातून पायी करत सीमेवर पोचली आणि घरी आली. आमच्या सोसायटीने तिला हार घातले, पेढे वाटले, फोटो काढले. मग महिने गेले. हार घालणारेच जिन्यात भेटले की विचारायला लागले, "तो हवे शुं?" आता काय?  कॉलेजची व्याख्यानं ऑनलाइन चालू होती, पण ती पदवी इथे धरतील की नाही हे कोणी सांगत नव्हतं.

एका दुपारी तिने माझी बेल वाजवली. हातात वही. "मासी, तमारे घेर थोडी वार बेसुं? घरी टीव्ही चालू असतो."

तेव्हापासून ती रोज दुपारी यायला लागली. आमचं बोलणं गुजरातीत चालायचं, मी इथे मराठीत लिहिते आहे. दोन ते पाच ती माझ्या बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायची. मी आतल्या खोलीत आडवी व्हायचे. झोप यायची नाही. पण बाहेर कोणीतरी पान उलटतंय, खुर्ची सरकवतंय, एवढ्या आवाजाने घराला घरपण यायचं. साडेचारला मी उठून चहा टाकायचे. ती कपात बिस्किट बुडवायची आणि ते दर वेळी तुटून आत पडायचं.

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "मासी, हे कोणतं सर्च आहे? वेगळं दिसतं."

मी अभिमानाने सांगितलं. "इथे कोणी बघत नाही. तू काय विचारलंस ते कुठे राहत नाही."

"खरंच कोणी नाही?"

"कोणी नाही."

तिने मान डोलावली. त्यानंतर मी पाहिलं, अभ्यास झाल्यावरही ती अर्धा तास थांबायची. एकदा तिच्यामागून मी दुधीची भाजी शोधायला बसले, तर टाइप केलेली अक्षरं भलतीच उमटली. एक इंग्रजी N उलटा काढल्यासारखं, एक सहा पायांच्या किड्यासारखं. तिने कीबोर्ड तिकडच्या भाषेवर ठेवला होता. मी तो परत बदलला. विचारलं नाही.

तिच्या आईने मात्र विचारलं, मला. गच्चीवर मी सांडगे घालत होते, ती कपडे वाळत टाकत होती. "मासी, ती तुमच्याकडे काय बघत बसते? आमच्याशी तर बोलत नाही."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं."

हे जरा मऊ सांगता आलं असतं. तिचा चेहरा उतरला. त्यांच्याकडून अधूनमधून येणारी हांडव्याची वाटी त्या दिवसापासून बंद झाली. पण मुलगी येत राहिली.

मे महिन्यात ती एका परीक्षेसाठी दहा दिवस अहमदाबादला मावशीकडे गेली. त्या दहा दिवसांत मला कळलं की मला तिची किती सवय झाली आहे. साडेचारला मी चहा ठेवायचे आणि दोन कप काढायचे. उन्हामुळे खिडक्या बंद, पडदे ओले करून सोडलेले, आत अंधार. अशाच एका दुपारी मी त्या सर्च इंजिनच्या सभासदांचं चर्चेचं पान उघडलं. तिथे मी कधी लिहीत नसे, नुसतं वाचायचे.

पानावर भांडण पेटलं होतं. कोणीतरी विचारलं होतं: तुम्ही जी उत्तरं दाखवता त्यातली काही रशियातल्या एका सर्च कंपनीकडून विकत घेता, हे खरं का? आणि चालकांनी उत्तर दिलं होतं: हो, खरं आहे. आम्ही अनेक ठिकाणांहून उत्तरं घेतो, त्यातलं ते एक. हिस्सा लहान आहे. आम्ही उत्तराचा दर्जा बघतो, देश बघत नाही.

खाली लोकांनी खूप लिहिलं होतं. कोणी म्हणत होतं, आमच्या वर्गणीतला पैसा त्या सरकारच्या खिशात जातो. कोणी म्हणत होतं, एका देशाची पानं काढून टाकणं म्हणजे ग्रंथालयातली कपाटं जाळणं. कोणी म्हणत होतं, मग अमेरिकेचीही काढा, तिनेही कमी लढाया केलेल्या नाहीत. एका माणसाने फक्त एवढंच लिहिलं होतं की माझ्या घराचं छप्पर गेलं आहे, मी तुमचा सभासद होतो, आजपासून नाही. त्याच्याशी कोणी वाद घातला नव्हता.

मी ते सगळं वाचून काढलं. पडद्याचं पाणी वाळून गेलं तरी उठले नाही.

मला दोन गोष्टी डाचत होत्या. एक पैशाची. समोरच्या दारातली मुलगी ज्या तळघरात बसली होती, त्यावर बॉम्ब टाकणाऱ्यांच्या देशात माझे दोन पैसे का होईना जात होते, आणि मी तिला अभिमानाने खुर्ची ओढून दिली होती. दुसरी गोष्ट प्रश्नांची. चालकांनी लिहिलं होतं, तुमचा प्रश्न आम्ही तिकडे पाठवतो तेव्हा तुमचं नाव काढून टाकतो. खरं असेलही. पण नाव काढलं तरी प्रश्न प्रश्नच असतो. मी मागच्याच महिन्यात विचारलं होतं, एकटी राहणारी बाई घरात पडली तर किती वेळाने कोणाला कळतं. ते वाक्य कुठल्या देशात जाऊन कुठल्या यंत्रात पडलं होतं? ज्याच्या हाती ते लागलं असेल त्याला माझ्या नावाची गरज काय होती?

ग्रंथालयात आम्ही प्रत्येक पुस्तक कुठून आलं ते पहिल्या पानाच्या मागे लिहायचो. विकत, भेट, अमक्या संस्थेकडून. मी इतकी वर्षं ते हाताने लिहिलं, आणि स्वतःच्या घरात उत्तरं कुठून येतात हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी भावाला फोन केला. त्याला सगळं सांगितलं, म्हणजे भांडणाचं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, तुझ्या ॲक्टिव्हात पेट्रोल आहे ना? ते कुठल्या तेलाचं आहे ते विचारलंस कधी? आपला देशच तिकडून तेल घेतो. तू एकटी कुठे कुठे बघत बसणार?"

"मला जे कळलंय तेवढं तरी बघू दे."

"बघ. पण त्याने युद्ध थांबणार नाही."

"मला माहीत आहे रे."

"मग?"

 फोन ठेवल्यावर मी इंग्रजीत पत्र लिहायला बसले. पहिलं फार रागाचं झालं. दुसरं फार रडकं. तिसऱ्यात मी दोनच गोष्टी विचारल्या: मला त्या कंपनीची उत्तरं नको असतील तर माझ्यापुरती बंद करता येतील का, आणि माझा प्रश्न तिकडे गेला आहे की नाही हे मला कळू शकेल का. चार दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य होतं. तुमच्या भावना समजतात, पण सध्या एकेका सभासदापुरता असा स्रोत बंद करण्याची सोय नाही, आणि कुठला प्रश्न कुठे गेला हे सांगणं शक्य नाही, कारण आम्ही नोंदच ठेवत नाही. जे वचन देऊन त्यांनी मला आणलं होतं, तेच वचन आता आड येत होतं. मी वर्गणी बंद केली.

मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही, पण आपण योग्य तेच केलं याची खात्री होती. आणि खरं सांगायचं तर मनात होतं की ती मुलगी परत आली की तिला काही सांगायचं नाही. उगीच जखमेवर बोट कशाला? तिच्या नकळत तिच्या वाटेतला काटा काढला, एवढं पुरे.

ती आली. परीक्षा बरी गेली होती. उन्हाने काळवंडली होती, मावशीने हातावर मेंदी काढून दिली होती. बसली, व्याख्यान ऐकलं, आणि नेहमीसारखी अर्धा तास मागे थांबली. मी चहा टाकत होते. बाहेरून हाक आली.

"मासी, पेलुं क्यां गयुं? ते सर्च कुठे गेलं?"

"बंद केलं मी. दुसरं घातलंय. हेही चांगलं आहे."

 मी कप घेऊन बाहेर आले तर ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसली होती. पडद्यावर तिकडच्या अक्षरांत काहीतरी टाइप केलेलं होतं, आणि खाली काहीच नव्हतं. काही सापडलं नाही, एवढंच.

"केम बंद कर्युं, मासी?"

मग मला सांगावं लागलं. मी सगळं सांगितलं. रशियातल्या कंपनीचं, पैशांचं, पत्राचं. सांगताना माझ्या आवाजात थोडी अपेक्षाही होती, की ती माझा हात धरेल. तिने कप टेबलावर ठेवला, न पिता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"ती उत्तरं तिकडची आहेत ते. दिसतात ना. युद्धाच्या आधी आम्ही तिथे त्याच कंपनीचा नकाशा वापरायचो."

"आणि तुला चालत होतं?"

"नव्हतं चालत, मासी." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पण बाचं नाव तिथेच सापडायचं."

मग त्या दुपारी मला बा कळली. खारकीवमधली तिची घरमालकीण. म्हातारी, निवृत्त परिचारिका. आपल्याकडे गुजरातीत आजीला म्हणतात तसं ही मुलगी तिला बा म्हणायची, आणि म्हातारीला तो शब्द इतका आवडला की दारावरच्या पाटीवर तिने पेन्सिलीने तोच लिहिला होता. नवरा चाकाच्या खुर्चीत, त्यामुळे ती शहर सोडून गेली नाही. मुलगी निघाली तेव्हा तिने तिच्या पिशवीत उकडलेले बटाटे आणि लोकरीचे मोजे कोंबले. पुढे वर्षभर निरोप यायचे. शेवटचा फोटो वसंतातला. दुधाच्या कापलेल्या खोक्यांत टोमॅटोची रोपं, पण खिडकीत नाही, जिन्यात ठेवलेली, कारण खिडक्यांना काचा राहिल्या नव्हत्या. त्यानंतर काही नाही.

घरी या विषयावर बोलायचं नव्हतं. बोलली की आई म्हणायची, "जीव वाचला ना, आता विसर." म्हणून ती माझ्याकडे शोधायची. दर आठवड्याला, बाचं नाव, निरनिराळ्या गावांच्या नावांबरोबर. दुसरीकडे काही येत नसे. त्या सर्च इंजिनात मात्र तिकडच्या भाषेतली लहान लहान पानं यायची. गावच्या चर्चची यादी, विणकाम करणाऱ्या बायकांचं पान, निर्वासितांची नोंद. आणि एक महिन्यापूर्वी युक्रेनच्या पश्चिमेकडच्या एका गावातल्या वृद्धाश्रमाच्या यादीत तेच आडनाव आणि तेच आद्याक्षर सापडलं होतं. तिने त्यांना पत्र लिहिलं होतं. आज ते पान पुन्हा बघायचं होतं, नवीन काही लिहिलंय का ते.

"पत्ता लिहून नाही ठेवलास?" मी विचारलं.

"ठेवलाय. पत्त्याचा प्रश्न नाही, मासी." ती उठली. "तुम्ही मला विचारलं का नाही? माझ्यासाठी केलंत ना हे सगळं? मग मला विचारायचं."

ती गेली. समोरचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. मी तिचा चहा मोरीत ओतला. त्या पोरीचं गुपित मी तिच्या आईला सांगितलं नव्हतं याचा मला अभिमान होता. पण तिच्याबद्दलचा निर्णय मी तिच्या पाठीमागेच घेतला होता, आणि तोही तिच्या भल्यासाठी. सफारीतले ते गृहस्थही बहुधा मुलीच्या भल्यासाठीच आले असतील.

मी वर्गणी पुन्हा सुरू केली. लाज वाटत होती. एकदा वाटे, छप्पर गेलेल्या त्या माणसाशी आपण बेइमानी केली. एकदा वाटे, टोमॅटोची रोपं जिन्यात ठेवणाऱ्या बाईशी आधी केली होती. दोन्हीकडून मी चुकत होते, आणि बोलायला घरात कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी समोरची बेल वाजवली. तिच्या आईने दार उघडलं. मी म्हटलं, "तिला सांगा, जुनं परत लावलंय." आई म्हणाली, "सारुं, सांगते."

तीन दिवस ती आली नाही. चौथ्या दिवशी आली. माफी वगैरे कोणी मागितली नाही. पण आता ती शोधायला बसली की मला हाक मारायची, आणि मी शेजारी स्टूल घेऊन बसायचे. मला एक अक्षर कळत नसे. ती बोट ठेवून सांगायची, हे गाव, हे म्हणजे विधवा, हे म्हणजे हलवलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या लोकांना शोधून दिलं, पण कोणाच्या शेजारी बसून असं शोधलं नव्हतं.

वृद्धाश्रमाचं उत्तर जूनअखेरीला आलं. तिने ते मोठ्याने वाचलं, आधी तिकडच्या भाषेत, मग माझ्यासाठी गुजरातीत. आमच्या यादीतली बाई दुसरी आहे. वयाने लहान, दुसऱ्या जिल्ह्यातली, मुलीबरोबर आलेली. आम्हाला वाईट वाटतं. तुमच्या आजीचं नाव आम्ही आमच्या फळ्यावर लावलं आहे, कोणी ओळखलं तर कळवू.

"आजी लिहिलंय त्यांनी," ती म्हणाली. "मी घरमालकीण लिहिलं होतं."

ती रडली नाही. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तीनच्या शिफ्टच्या बसेस जात होत्या. शेवटची बस जाईपर्यंत ती तशीच उभी होती. मी चिकू कापले. तिने दोन फोडी खाल्ल्या आणि वही आवरली.

ऑगस्टमध्ये तिला जॉर्जियातल्या एका कॉलेजने उरलेली वर्षं पुरी करायला घेतलं. सगळं दोन आठवड्यांत ठरलं. निघायच्या दिवशी ती नमस्काराला आली, तेव्हा मागे वडील सामान घेऊन उभे होते, त्यामुळे बोलणं झालं नाही. "मासी, आवजो," एवढंच. मी तिच्या हातावर आईची एक जुनी शाल ठेवली. तिकडे थंडी असते.

पुढच्या महिन्याची वर्गणी भरायचं पत्र आलं. मी ती भरली नाही. या वेळी कोणाला पत्र लिहिलं नाही, भावाला फोन केला नाही. निर्णय अगदी सोपा झाला होता. माझं तत्त्व पाळलं तर आता कोणालाच बोचणार नव्हतं, आणि मोडलं असतं तर कोणाच्या उपयोगी पडणार नव्हतं. दुसरं एक घेतलं आहे. घेण्याआधी त्यांना विचारलं, उत्तरं कुठून आणता? "विश्वासू भागीदारांकडून," असं आलं. पुन्हा विचारलं, कोणते? त्याला अजून उत्तर नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. थंडी आहे, शरीरशास्त्राच्या मॅडम खडूस आहेत, खोलीत दुसरं कोणी नाही, स्वतःच्या हाताची खिचडी रोज खाऊन कंटाळा आला. मी खिचडीत काय घालायचं ते सांगितलं.  फोन कट झाला असं वाटून मी "हॅलो" म्हटलं.

"आहे मी, मासी."

"बाचं काही?" मी विचारलं.

"मी हल्ली बघत नाही. परीक्षा आहे." मग थांबून म्हणाली, "बघवत नाही."

"मी बघते अधूनमधून," मी म्हटलं. "तू लावून दिलेल्या कीबोर्डवर. एकेक अक्षर शोधून. काही येत नाही."

"कसं लिहिता?"

मी अक्षरांची वर्णनं करून सांगितली. काठीसारखं ते, मग उलटा N, मग किडा. तिला हसू आलं. किती दिवसांनी ते हसू ऐकलं.

"हे रशियन झालं, मासी. युक्रेनियनमध्ये मधलं अक्षर वेगळं असतं, तिथे नुसती उभी रेघ आणि वर टिंब. दोन्ही प्रकारे बघावं लागतं."

"मग मी इतके दिवस अर्धंच बघत होते."

"हं," ती म्हणाली. "लिहून घ्या. सांगते."

मी लाइट बिल उलटं केलं आणि ती सांगेल तसं एकेक अक्षर काढत गेले.